छबूआक्का बसून दाखवते

रविवार, ३ डिसेंबर. मेणाच्या टाकीतलं जुनं मेण खरवडून काढत होते. बारामतीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. आखडलेली बोटं, मनगटं या टाकीतल्या कोमट मेणात बुडवून शेकतात. दर दोन महिन्यांनी मेण बदलावं लागतं आणि ते काम मी कुणावर सोपवत नाही. दुसऱ्याने केलं की तळाशी केस राहतात. मेण बदललं की झाकणावर मार्करने तारीख लिहिते, म्हणून ही तारीख पक्की माहीत आहे. त्या दिवसानंतर छबूआक्का माझ्याकडे आली नाही.

फोन तिचाच होता.

"म्याडम, दवाखाना उघडा हाय का?"

"रविवारी बंद असतो आक्का. साफसफाई चाललीय."

"मग बरंच की. कऱ्हाटीची एक पोरगी मला भेटाया येतीया. शनिवारच्या डॉक्टरनी धाडलीय. तिला कळसला यायचं म्हंजी लांब, मला कऱ्हाटीला जायचं म्हंजी त्याहून लांब. तुमचा दवाखाना मधी पडतोय."

"कशाला भेटायचंय तिला?"

"माझ्यावानीच हाय की. मणक्यात स्क्रू आन खुब्यात कळ. दुर्बिणीचं आपरेशन करावं का न्हाय, ते मला इचारायचंय म्हनं."

"आणि तुम्ही काय सांगणार?"

"तुमी चा ठेवा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ऑपरेशनचा आक्काला किती उपयोग झाला होता, हे दोनच माणसांना माहीत होतं. एक ती, दुसरी मी. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना माहीत नव्हतं.

छबूआक्का गुटी बांधायची. डाळिंबाची नवीन रोपं बहुतेक गुटीची असतात. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोल काढायची, त्या उघड्या जागी औषधाची पूड लावायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद आणि दोन्ही टोकांना सुतळी. दीड-दोन महिन्यांत आत मुळ्या फुटतात. फुटल्या की कागदातून पांढऱ्या दिसतात. मग फांदी कापून पिशवीत लावतात. ऐकायला सोपं आहे. पण साल खोल कापली की फांदी वाळते, वरवर काढली की साल परत जुळते आणि मुळ्या फुटत नाहीत. आक्काच्या हाताला गुण आहे, असं कळस, शेटफळगढ्यापासून इंदापूरपर्यंत बागायतदार म्हणायचे. पावसाळ्यात तिच्या टोळीची तारीख मिळायची नाही. टोळीत बारा बायका. त्यांना ती 'माझ्या भवान्या' म्हणायची. कुणी पाणी प्यायला उठली तरी हिची हाक यायची, "ए भवाने, हिरीचा तळ गाठतीस का काय?"

मी तिला बागेत काम करताना पाहिलं ते एकदाच, ती माझी पेशंट होण्याच्या बरंच आधी, पण ते विसरण्यासारखं नव्हतं. डाळिंबाला काटे असतात म्हणून साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कापलेले कागद दातांत धरलेले. त्यामुळे बोलणं, शिव्या, गाणं सगळं दात मिटून. झाडाच्या बुडाशी उकिडवी बसायची आणि उठायचं नाव नाही. बसल्या-बसल्याच बेडकासारखी पुढच्या फांदीला, मग त्या पुढच्या झाडाला. कमरेत वाकून काम करणाऱ्या बाया तिला आवडायच्या नाहीत. "वाकून बांधलेली गुटी वाकडीच लागती," असं म्हणायची. याला काही शास्त्र नाही. तिच्या बायका तिच्या धाकाने बसायच्या, एवढंच.

तिला चिमट्यात धरून जाडी बघायची खोड होती. अंगठा आणि पहिलं बोट. समोर फांदी असो, खुर्चीचा हात असो नाहीतर माणूस. माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा मी तिची नाडी बघायला हात धरला, तर तिनेच माझं मनगट चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली, "जून झालं. गुटीला चालत न्हाय."

"तुमच्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठी आहे मी."

"तेच म्हणतीया."

तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. त्याआधी चार वर्षांपूर्वी तिच्या कमरेतला एक मणका पुढे सरकला म्हणून सोलापूरला ऑपरेशन झालं होतं. दोन मणके चार स्क्रू आणि दोन सळ्या घालून एकमेकांना जखडले होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पायातल्या मुंग्या गेल्या, लंगडणं गेलं. फक्त कंबर तिथे वाकायची बंद झाली. आक्काला त्याचं काही वाटलं नाही. ती कुठे वाकत होती? ती बसतच होती.

इथेच गोम आहे. आपण उकिडवे बसतो तेव्हा एकटा खुबा वाकत नाही, कंबरही थोडी मागे गोल होते आणि खुब्याला जागा करून देते. कंबर जखडली की ती जागा मिळत नाही. मग सगळं काम खुब्यावर. खुब्याच्या वाटीच्या कडेला गादीसारखी एक पट्टी असते. मांडीचं हाड रोज तिच्यावर दाबलं जातं. दिवसातून दोनशे झाडं म्हटली तर दोनशे वेळा. दोन वर्षांत तिच्या उजव्या जांघेत कळ यायला लागली.

सगळ्यांनी सांगितलं, मणकाच परत आला. डॉक्टरांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, लचक काढणाऱ्या एका म्हाताऱ्याने तर पाठीवर पाय देऊन सांगितलं. मीसुद्धा तेच सांगितलं. फायलीवर 'मणक्याचं ऑपरेशन' असं दिसल्यावर डोळे तिथेच थांबतात. चार महिने मी तिची पाठ शेकली. एक दिवस ती दवाखान्याबाहेर जीपमध्ये चढत होती. दोन्ही हातांनी स्वतःची उजवी मांडी उचलून आत ठेवली, ओझं ठेवावं तशी. मी हाक मारून परत बोलावलं आणि विचारलं, "नेमकं कुठं दुखतं, हाताने दाखवा." तिने अंगठा मागे आणि बोटं पुढे करून खुबा मुठीत धरला. पाठीला हात लावलाच नाही. चार महिन्यांत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. पाठ कशी आहे, असंच विचारत होते.

"आणि पाठ?"

"पाठीला काय झालंय? पाठ लागली की."

'लागली' हा तिचा गुटीचा शब्द. मुळ्या धरल्या की गुटी लागली म्हणतात. पण तिच्या कमरेला दिवसभर पट्टा असायचा आणि तो काढताना ती भिंत धरायची. पाठ लागली नव्हती. बरी झाली होती, पण पुरती नाही. मला हे पट्टा बघून कळायचं. तोंडाने ती कधी कबूल झाली नाही.

असं का, हे मला तिच्या टोळीतल्या एका बाईने सांगितलं. गुटी बांधणाऱ्या लोकांत एक रीत आहे. ज्याने बांधली त्याच्या तोंडावर 'लागली नाही' असं म्हणायचं नाही. म्हटलं की त्याच्या हाताचा गुण जातो. एका वर्षी लोणी देवकरच्या एका बागेत आक्काच्या टोळीने बांधलेल्या गुट्या निम्म्याहून जास्त वाळल्या. शेवाळच खराब निघालं होतं. बागेचे मालक, तात्या म्हणायचे त्यांना, बाजारात आक्काला भेटले.

"तात्या, लागल्या का?"

"लागल्या की. झ्याक लागल्या."

पण बोलताना तात्या तिच्या मागच्या भाजीवाल्याकडे बघत होते. आक्काला तेवढं पुरलं. पुढच्या आठवड्यात बारा भवान्या घेऊन त्यांच्या बागेत हजर.

"आज हिकडं कशा काय?"

"रस्ता चुकलो तात्या. आलोच हाय तर चार बांधून जातो."

दोन दिवस राहून सगळ्या परत बांधल्या. दोघांपैकी कुणीही वाळलेल्या गुटीचं नाव काढलं नाही. मी ही गोष्ट ऐकून म्हटलं, एका वाक्यात सांगता आलं असतं की. ती बाई म्हणाली, "सांगितलंच की म्याडम. भाजीवाल्याकडं बघितलं न्हाय का?"

ही रीत त्यांच्यात चालते, कारण त्यांच्यात समोरचा चेहऱ्याकडे बघतो. डॉक्टर तोंडचं ऐकतो आणि लिहून घेतो.

पुण्याचे एक खुब्याचे डॉक्टर दर शनिवारी बारामतीला यायचे. वय पस्तिशीचं, बोलायला नीट, हात धुऊन मग तपासणारे. आक्का त्यांना शनिवारचे डॉक्टर म्हणायची. मी तिला घेऊन गेले. त्यांनी फोटो बघितले, पाय दुमडून, आत वळवून बघितला. आक्का दातांवर दात धरून छताकडे बघत होती. मग त्यांनी समजावून सांगितलं. वाटीची पट्टी फाटली आहे, हाडाला उंचवटा आहे. दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण घालून उंचवटा तासता येईल, पट्टी शिवता येईल. पण ज्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यांना याचा गुण इतरांएवढा येईलच अशी खात्री देता येत नाही. कंबर वाकत नाही, त्यामुळे खुब्यावरचा ताण राहतोच. आणि पाठ अजून दुखत असेल तर आधी पाठीचं बघावं लागेल.

"म्हणून मला नीट सांगा ताई. पाठ दुखते का?"

"पाठ? न्हाय वो. मोठ्या डॉक्टरनी केलीया. नवी कोरी झालीया."

मी म्हटलं, "डॉक्टर, दुखते. पट्टा असतो दिवसभर."

आक्का हसली. "काटं टोचत्यात म्हणून बांधती म्याडम. तुमाला बागंतलं काय ठावं?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. पाठ तिची होती, माझी नव्हती. त्यांनी तिचं लिहून घेतलं.

तरी ते सावध माणूस होते. खात्रीसाठी खुब्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊ म्हणाले. दुखणं खुब्याचंच असेल तर काही तास थांबेल, पाठीचं असेल तर थांबणार नाही. पुढच्या शनिवारी इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांनी आक्का पलंगावरून उतरली, दोन पावलं चालली आणि तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर, टाचा टेकवून खाली बसली. वर्षभरात पहिल्यांदा. मग उठली. परत बसली. रिसेप्शनवरची मुलगी बघत राहिली.

"किती वेळ राहतंय ह्ये?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"पाच-सहा तास. आज विश्रांती घ्या, फक्त दुखणं किती कमी झालं ते लिहून ठेवा."

"व्हय व्हय."

मला वाटलं घरी गेली. संध्याकाळी तिच्या टोळीतल्या बाईचा फोन आला, की आक्का दवाखान्यातून जीप करून सरळ बागेत आली आणि साडेअकरा ते साडेचार जागची हलली नाही. चौदा ओळी एकटीने बांधल्या. जेवायलाही उठली नाही. साडेचारला कळ परत आली तेव्हा झाडाच्या बुडाशीच आडवी झाली आणि चौघींनी उचलून आणली. मी दुसऱ्या दिवशी फोनवर जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्याडम, तुमी एखाद्याला पाच तासांसाठी डोळं दिलं तर तो झोपून काढील व्हय?"

इंजेक्शनने सिद्ध झालं होतं की दुखणं खुब्याचं. हे खरंच होतं. पण पाठीचंही होतं, हे इंजेक्शनला विचारलेलंच नव्हतं. आठ दिवस बधिर केल्यासारख्या आनंदात गेले आणि ऑपरेशनची तारीख ठरली.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "साल काढली का?"

"साल नाही ताई, हाड तासलं. आणि पट्टी शिवली."

"वरनं शेवाळ बांधलं न्हाय?"

डॉक्टर इतके हसले की नर्स आत आली. त्या दिवसापासून तिचा त्यांच्यावर जीव बसला. पोटच्या पोरासारखा. "हात हलका हाय पोराचा," म्हणायची. "फांदीला कळत न्हाय, साल कवा काढली."

सहा आठवडे कुबड्या, मग माझ्याकडे व्यायाम. आठवड्यातून तीनदा कळसहून यायची, एसटीने. दवाखान्यातल्या इतर लोकांवर तिचा वचक बसला. गुडघ्याचे आबा व्यायाम चुकवायचे तर तिच्या भवान्यांत त्यांची भरती व्हायची. "ए आबा, धा म्हंजी धा. सातावर थांबलास, मला दिसतंय." आबा निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना अरे-तुरे करणारं जगात कुणी उरलं नव्हतं. ते मुकाट दहा करायचे.

तिला फरक पडला, हे मी नाकारत नाही. रात्री कुशीवर झोपता येऊ लागलं. चालताना कळ कमी झाली. बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत न थांबता यायची. पण खाली बसणं आलं नाही. खुर्चीच्या उंचीपर्यंत जायची, त्याच्या खाली गेलं की कंबर अडायची आणि खुबा परत दाबला जायचा. मी पाट ठेवून बघितला, उंच पाट, टाचेखाली फळी. सगळं करून बघितलं. जिथे स्क्रूने जखडलेलं आहे, तिथे माझा हात पोचत नाही. मी तिला सरळ सांगितलं, "आक्का, हे आता एवढंच राहणार असं दिसतंय."

त्यानंतर ती टोळीवर जायची, पण बांधाला उभी राहून. भवान्या बांधायच्या आणि ही वरून बघायची. एकदा म्हणाली, "वरनं सगळ्याच चुकलेल्या दिसत्यात."

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे दाखवायला जायचं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी दुपारी दवाखान्यात आले तर ती आतल्या खोलीत एकटी होती, दाराचा कडीकोयंडा धरून. बसत होती. कशी, ते मला दोन मिनिटांनी कळलं. सगळा भार डाव्या पायावर. उजवा पाय बाजूला वळवलेला, टाच उचललेली, गुडघा बाहेर. बसणं नव्हतंच ते, एका पायावर लोंबकळणं होतं. पण साडीचा घोळ चारी बाजूंनी खाली पसरला होता. समोरून बघणाऱ्याला उकिडवी बसलेली बाई दिसली असती.

"हे काय चाललंय?"

"सराव."

"कशाचा?"

"परीक्षा हाय नव्हं शनिवारी?"

मी खूप बोलले. शनिवारी तिच्यासोबत गेलेही, खरं सांगायचं ठरवून. डॉक्टरांनी विचारलं, "काय ताई, कसं आहे?"

"लागलं," आक्का म्हणाली आणि कुणी सांगायच्या आत मधोमध फरशीवर बसून दाखवलं. बसल्या-बसल्या वर बघून हसली. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मी तोंड उघडलं ते तसंच राहिलं. त्यांनी मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. "ताई, मणक्यात स्क्रू असलेल्या पेशंटना हे दाखवायला हवं. ते फार घाबरतात." टेबलाच्या पायाला हात देऊन ती उठली तेव्हा ते खाली मान घालून लिहीत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "का केलंत?"

"पोरगं नवं हाय म्याडम. पहिल्याच वर्साला तोंडावर म्हणायचं व्हय, न्हाय लागलं म्हणून? हात बसतोय त्याचा अजून."

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या चालतात, झोपतात, त्या स्वतः समाधानी आहेत. आणि माझ्यासमोर बसल्या." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आक्काच्या साडीखाली होतं.

आणि आता कऱ्हाटीची मुलगी येणार होती.

तिचं नाव प्रियांका. एकतीस-बत्तीस वर्षांची, फाईल छातीशी धरून. नवरा खाली मोटारसायकलपाशी थांबला. आक्का तिच्या आधीच येऊन खुर्चीत बसली होती. मी चहा दिला आणि मेणाच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले.

"गाया किती?" आक्काने विचारलं.

"चार."

"धार कोण काढतं?"

"सासूबाई. त्यांचेच गुडघे गेलेत. मला खाली बसताच येत नाही. सकाळी त्या बसतात, मी नुसती बादली धरून उभी. घरात कुणी बोलत नाही, पण..."

"पण दिसतंय," आक्का म्हणाली.

"व्हय."

आक्काने तिचं मनगट चिमटीत धरलं आणि धरूनच ठेवलं. "पाठ दुखती का गं अजून?"

मुलीने नजर फाईलकडे वळवली. आक्का तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मीही बघत होते. त्या दोघींत काही बोलायची गरज नव्हती.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही. ज्यांनी मणक्याचं केलं, त्यांनी एवढं जीव लावून केलं, आणि त्यांच्या मागं असं कसं म्हणायचं..."

मला वाटलं, आता. आता आक्का सांगेल. तिच्या चेहऱ्यावर ते आलं होतं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "डॉक्टरांनी तुमचं मोबाईलवर दाखवलं मला. घरी सगळ्यांना सांगितलं मी. पण सासूबाई म्हणाल्या, मोबाईलवर काय बी दाखवत्यात. म्हणून आले. आक्का, खरंच बसता येतं?"

आक्काने मनगट सोडलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मग खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठली, पदर खोचला, निऱ्या सारख्या केल्या आणि प्रियांकाच्या समोर फरशीवर बसली. वर बघून हसली.

प्रियांका रडायला लागली. आनंदाने. वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच तिने आक्काच्या खांद्याला हात लावून तो कपाळाला लावला. "आता मी सांगते घरी. डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते." आणि जवळजवळ पळत खाली गेली. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

आक्का खालीच होती. हसू गेलं होतं. वरचा ओठ घामाने भिजला होता.

"उठवा," ती म्हणाली.

दीड वर्षात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच मदत. मी काखेत हात घालून उचललं. खुर्चीत बसवलं.

"मी सांगणार आहे तिला," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडानं सांगा. माझ्या नावानं न्हाय."

"तुमचं नाव घेतल्याशिवाय कसं सांगू?"

"मंग तुमचं तुमी बगा."

तिला सोडायला बसथांब्यापर्यंत गेले. ती नको म्हणत होती. थांब्यावर एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली, "बसा बाई." आक्का म्हणाली, "नको बाबा. आत्ताच लई बसले." इंदापूरची गाडी आली. वाहकाने हात दिला तो तिने झटकला, आधी डावा पाय, मग दांडा धरून उजवा ओढून घेतला आणि दारात उभी राहून मागच्या एका कॉलेजच्या पोराला ओरडली, "चढ की भवान्या, मुहूर्त बघतोस का?" ती मला दिसली ती एवढीच. खिडकीत आली नाही. बसायला जागा मिळाली की नाही, ते कळलं नाही.

सोमवारी सकाळी पावणेसातला मी गाडी काढून कऱ्हाटीला गेले. घर विचारत गोठ्यापाशी पोचले तेव्हा सासूबाई धार काढत होत्या आणि प्रियांका बादली धरून उभी होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. पाठ दुखते हे डॉक्टरांना सांग, आधी त्याचा विचार होऊ दे, मग खुब्याचं ठरव. तुझा खुबा वेगळा आहे, तुझा कदाचित येईलही गुण, पण आक्काला खाली बसता येत नाही.

"मॅडम, मी समोर बघितलं की."

सांगून ते पटणार नव्हतं. मी सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि तिथेच, शेण पडलेल्या फरशीवर, आक्कासारखी बसले. भार डाव्या पायावर, उजवा वळवून बाहेर, टाच वर. "हे असं. साडीखाली हे होतं. हे बसणं नाही." पन्नाशीच्या बाईचा तोल जातो. मी एक हात खाली टेकवला.

प्रियांकाने वाकता येईल तेवढं वाकून नीट बघितलं. पाय बघितला, टाच बघितली. मग गाईकडे बघितलं, आणि सासूबाईंकडे.

"एवढं जमलं तरी धार निघंल की, मॅडम," ती म्हणाली.